गार्ड दिसतो, शिवण दिसत नाही: रोजच्या बाईकसाठी रायडिंगचे कपडे

रायडिंग जॅकेट घ्यायला गेलेला माणूस सगळ्यात आधी कोपरावर अंगठा दाबून बघतो. गार्ड, म्हणजे आतला आघात झेलणारा पॅड, जाड आणि टणक लागला की समाधान होतं, मग रंग आणि आरसा. गार्ड महत्त्वाचा आहेच, पण पडल्यावर कपडे दगा देतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी. शिवण उसवते, कापड फाटतं, नाहीतर बाही वर सरकते आणि इतका जाडजूड गार्ड कोपर सोडून भलतीकडे जाऊन बसतो. ऑस्ट्रेलियात अपघातात सापडलेल्या २१२ चालकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. गार्ड असलेले कपडे घातलेल्यांना इजा कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण खास बाईकसाठी म्हणून बनवलेल्या जॅकेटांपैकी जवळपास ३० टक्के आणि हातमोज्यांपैकी २५ टक्क्यांहून थोडे जास्त त्या अपघातात फाटून निकामी झाले होते. म्हणून या आढाव्यात गार्डला दुसरा नंबर आहे. पहिला नंबर कापड, शिवण आणि माप यांचा.

आढावा साध्या वापरापुरता आहे: रोजचं कामावर जाणं-येणं आणि सुट्टीच्या दिवशी शे-दीडशे किलोमीटरची चक्कर. ट्रॅकवरची रायडिंग आणि डोंगरातली मातीची वाट, दोन्हींच्या गरजा वेगळ्या.

आधी पडताना काय होतं ते समजून घेतलं पाहिजे, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळतं. बाईकवरून पडताना अंग जमिनीवर आदळतं ते साधारण सव्वा मीटर उंचीवरून. हा आदळण्याचा वेग ताशी १७-१८ किलोमीटर भरतो आणि बाईक ३० ने जात होती की ८० ने, याने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘मी हळूच चालवतो’ म्हणणाऱ्यालाही गुडघ्या-खांद्याचा गार्ड तितकाच लागतो. घसरण मात्र पूर्ण वेगावर अवलंबून आहे. ५० च्या वेगाने सुटलेलं अंग कोरड्या डांबरावर साधारण १५ मीटर घासत जातं, दोन-अडीच सेकंद. साधी जीन्स त्यात पहिल्या सेकंदाच्या आतच फाटते, उरलेला वेळ कातडी घासते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं.

आता लेबल. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. जॅकेटवर ‘सीई’, म्हणजे युरोपीय मानकांची खूण, लिहिलेला मोठा टॅग लटकत असतो. उलटून नीट वाचला तर अनेकदा तो फक्त आतल्या गार्डचा निघतो, जॅकेटच्या कापडाची कुठलीही चाचणी झालेली नसते. जॅकेटचं स्वतःचं लेबल आतल्या अस्तरावर शिवलेलं असतं. त्यावर बाईकस्वाराचं छोटं चित्र, ‘ईएन १७०९२’ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि एक वर्ग छापलेला असतो: एएए, एए, ए, बी किंवा सी. विक्रेता काहीही सांगो, हे शिवलेलं लेबल नसेल तर ते जॅकेट म्हणजे गार्ड ठेवायचे खिसे असलेला साधा कोट समजा.

वर्गांचा अर्थ असा. कपड्याचे तीन विभाग पाडतात. पहिल्यात खांदे, कोपरं, नितंबाची बाजू आणि गुडघे, म्हणजे जिथे आधी आपटतं ती जागा. दुसऱ्यात घासलं जाण्याची शक्यता असलेला बाकी भाग, तिसऱ्यात सर्वात कमी धोक्याचा. कापडाचे तुकडे यंत्राच्या फिरत्या डोक्यांना लावून काँक्रीटवर सोडतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. मोठं भोक पडलं की नापास. एएए वर्गात तिन्ही विभागांची चाचणी अनुक्रमे ताशी १२०, ७५ आणि ४५ किलोमीटरला होते. एए मध्ये ७०, ४५ आणि २५ ला. ए मध्ये पहिला विभाग ४५, दुसरा २५, तिसऱ्याची चाचणीच नाही. हे वेग यंत्राचे आहेत; ‘सत्तरला पडलो तरी काही होणार नाही’ असा अर्थ त्यातून काढू नये. वर्गाची तुलना करायला मात्र ते उत्तम. याच मानकात शिवणीची ताकद आणि कापड फाटण्याचीही चाचणी असते, आणि दुकानात उभं राहून या गोष्टी आपल्याला मोजता येत नाहीत. लेबल वाचायचं खरं कारण हेच.

बी आणि सी या अक्षरांपाशी जरा थांबा. बी म्हणजे घासण्याला ए इतकंच तग धरणारं, पण गार्डशिवाय. सी म्हणजे फक्त गार्ड जागेवर धरून ठेवणारी जाळी. घासण्यापासून संरक्षण शून्य. आजकाल लोकप्रिय झालेले आर्मर शर्ट, म्हणजे शर्टाच्या आत घालायची ती ताणणारी जाळीदार बंडी, बहुधा या सी वर्गात मोडतात. मजबूत जॅकेटच्या आत घातली तर चांगली वस्तू. टी-शर्टखाली घालून निघालात तर हाड कदाचित वाचेल, कातडी नाही.

रोजच्या वापरासाठी आमचा कौल एए वर्गाला. एएए मधले कपडे जड आणि गरम होतात, आणि पंधरा मिनिटांच्या कामासाठी ते खुंटीवरच राहतात. फार उकाड्यात ए वर्गाचं जाळीचं जॅकेटही चालेल, अट एकच, ते प्रत्येक वेळी अंगावर असलं पाहिजे.

जाळीच्या जॅकेटांमध्येच सगळ्यात जास्त उडदामाजी काळे-गोरे आहे. चांगल्या जॅकेटात खांदा, कोपर आणि दंडाची बाहेरची बाजू घट्ट विणीच्या कापडाची असते आणि जाळी छाती, पाठ, बाहीची आतली बाजू इथेच असते. वाईट जॅकेटात कोपरावरही जाळीच, वर एक रबरी नक्षी चिकटवलेली. बाही उजेडासमोर धरा. कोपराच्या टोकापाशी भोकांतून उजेड आला तर ते जॅकेट परत हँगरला लावा. पाठीवर आणि काखेत असलेलं ताणणारं कापडही बघा. ते काखेत, कंबरेत, गुडघ्याच्या मागे ठीक. खांद्याच्या माथ्यावर किंवा नितंबाच्या बाजूला आलं तर अंगाला छान बसतं आणि रस्त्यावर लगेच फाटतं.

‘६०० डेनिअर’ असा आकडा लेबलावर मिरवतात. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस. त्याने धाग्याची जाडी कळते, जात कळत नाही. ५०० डेनिअरचं चांगलं नायलॉन ६०० डेनिअरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा घासण्यात जास्त टिकतं. दोन वेगवेगळ्या धाग्यांचे डेनिअर एकमेकांशी ताडून बघण्यात काही हशील नाही.

चामडं घासण्याला आजही फार चांगलं तोंड देतं. गाईच्या चामड्याची जाडी १.१ ते १.४ मिलिमीटर असावी. फॅशनची मऊ लुसलुशीत जॅकेटं याच्या निम्म्यावर असतात आणि त्यांची शिवण तर त्याहून नाजूक. पण रोजच्या वापराला चामडं आम्ही सुचवणार नाही. उकडतं, पावसात भिजलं की जड होतं, वाळायला दिवस लागतो, आणि निगा राखली नाही तर तडकतं. संध्याकाळची हवा बारमाही गार असेल त्या ठिकाणी विचार करावा.

पँटच्या बाबतीत मात्र तडजोडीची सवय इतकी मुरलेली आहे की भारी जॅकेट आणि खाली कॉटनची पातळ पँट हे दृश्य सर्रास दिसतं. बाईकवरून पडणाऱ्याचे पाय बहुधा आधी सापडतात, कधी बाईकखालीही. इथे रायडिंग जीन्स हा कामाचा पर्याय आहे, कारण ती घालून ऑफिसात बसता येतं. तिचे दोन प्रकार. एकात साध्या डेनिमला आतून अरामिडचं, म्हणजे केवलारच्या जातीच्या धाग्याचं, अस्तर असतं. दुसऱ्यात मजबूत धागा डेनिममध्येच विणलेला असतो. दुसरी हलकी आणि हवेशीर. पहिली घेताना जीन्स उलटी करून बघाच: पिवळसर अस्तर फक्त गुडघ्यावर आणि बसायच्या जागी असेल तर मांडीची बाहेरची बाजू आणि नितंबाची कड उघडीच आहे, आणि घसरताना सगळ्यात जास्त घासते तीच कड. अस्तर कंबरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सलग हवं.

धाग्यांविषयी थोडं. पॉलिएस्टर आणि नायलॉन ६,६ हे २५० ते २६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. अरामिड वितळत नाही, पण ऊन आणि ब्लीच त्याला मारक. अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन, म्हणजे डायनीमासारखे धागे, १५० अंशांच्या आसपासच वितळतात आणि तरीही चांगल्या विणीत घासण्याला भक्कम ठरतात. म्हणून धाग्याच्या नावापेक्षा तयार कपड्याचा वर्ग बघावा. अंगालगत मात्र स्वस्त सिंथेटिक टी-शर्ट नको. वरचं कापड तापलं तर तो कातडीला चिकटतो. सुती किंवा मेरिनो लोकर बरी.

आता गार्ड. कोपर, खांदे, गुडघे आणि नितंबासाठी मानक आहे ईएन १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२. ५० जूलचा आघात करून पलीकडे किती बळ पोचतं ते मोजतात. हातापायांच्या गार्डमधून पातळी १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि पातळी २ मध्ये २० पर्यंत चालतं. पाठीला हेच आकडे १८ आणि ९. आकडा कमी तितका गार्ड चांगला. गुडघ्याला आणि पाठीला पातळी २ घ्यावी. खांद्याला पातळी १ चालून जाते. गार्डवर ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर असतं, ते मापाचं: ए आटोपशीर, बी मोठा. धिप्पाड माणसाला ए चा गुडघा-गार्ड अपुरा पडतो. मऊ गार्ड थंडीत कडक आणि उन्हात जास्तच मऊ होतात, त्यासाठी उणे १० आणि ४० अंशांच्या चाचण्या आहेत, पण त्या ऐच्छिक. उष्ण हवेत चालवणाऱ्याने ‘टी+’ ही ४० अंशांची चाचणी पास झाल्याची खूण शोधावी.

पाठीच्या खिशात हात घातल्याशिवाय जॅकेटचे पैसे देऊ नका. कित्येक जॅकेटांत तिथे फक्त स्पंजचा तुकडा असतो, जागा भरायला. कुठलंही मानक त्यावर छापलेलं नसतं. खरा पाठीचा गार्ड वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा खिशाचं माप टेपने मोजून घ्या. पँटमध्ये नितंबाचे गार्डही बहुधा नसतात. खिसे तरी आहेत का ते बघा.

माप उभ्याने नव्हे, बाईकवर बसून घ्यायचं. दुकानात बाईक नसेल तर खुर्चीवर उलटं बसा, पाठ टेकायची बाजू पुढे, आणि हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा. बाही मनगटाच्या हाडाखाली यायला हवी, पाठीमागे जॅकेट कंबरेवरून वर उचललं जाता कामा नये. मग एका हाताने दुसऱ्या कोपराचा गार्ड पकडून पिळा. तो कोपराचं टोक सोडून बाजूला फिरला तर पडतानाही फिरणार. दंडावरचे बटणपट्टे आवळून पुन्हा बघा; तरी फिरत असेल तर एक माप लहान घ्या. जाड स्वेटर आत मावावा म्हणून मोठं माप घेणं ही सगळ्यात सर्रास चूक. गारठ्यात वरून वाऱ्याचा कोट घातलेला बरा.

पँटला बसल्यावर गुडघ्याचा गार्ड वाटीवर मधोमध हवा, त्याचं खालचं टोक नडगीवर उतरलेलं. उभं राहिल्यावर गार्ड थोडा खाली वाटेल, ते बरोबर आहे. उलट उभ्याने वाटीवर बरोबर बसणारा गार्ड बसल्यावर मांडीकडे सरकतो. बऱ्या पँटमध्ये खिशाच्या आत वेल्क्रो असतो, गार्ड दोन-तीन इंच वर-खाली करता येतो. लांबी साध्या पँटपेक्षा दोन-अडीच इंच जास्त ठेवा, नाहीतर बसल्यावर घोटा उघडा पडतो. जॅकेट आणि पँट एकमेकांना जोडणारी चेन असेल तर ती पाठीमागच्या चार बोटांपुरती आहे की कंबरभर, ते बघा. छोटी चेनही बिनचेनीपेक्षा बरी, कारण घसरताना जॅकेट बगलेपर्यंत गोळा होणं तिने बऱ्यापैकी थांबतं.

हातमोज्यांची परीक्षा सोपी आहे. घाला, मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्याला बोटांची टोकं धरून ओढायला सांगा. निघाला तर घेऊ नका. पट्टाच नसलेले, नुसते इलॅस्टिकचे मोजे रस्त्यावर पहिल्या आपटीत उडून जातात. मानक ईएन १३५९४. पातळी १ मध्ये मोजा मनगटाच्या पुढे किमान १५ मिलिमीटर यावा लागतो, पातळी २ मध्ये ५०. ‘केपी’ लिहिलं असेल तर बोटांच्या पेरांवरच्या कवचाचीही चाचणी झालेली आहे. तळहाताच्या टाचेवर, अंगठ्याच्या मुळापाशी, एक गुळगुळीत टणक तुकडा असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. माणूस पडताना हात पुढे टेकतो. नुसतं चामडं रस्त्याला पकडतं आणि सगळा भार मनगटातल्या छोट्या हाडावर येतो. हा तुकडा हाताला घसरू देतो. बोटाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर जागा सुटावी, मूठ वळल्यावर नखांवर दाब येऊ नये. क्लच तासभर दाबायचा असतो.

बुटांचं लेबल वाचायला मजेशीर आहे: ईएन १३६३४ च्या खाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा तळव्याच्या आडव्या ताठपणाचा. रोजच्या वापराला घोट्याच्या वर येणारे १-१-१-१ पुरतात, पण चौथा आकडा २ मिळाला तर घ्या, कारण बाईकखाली पाय सापडला तर तळवा दुमडू न देण्याचं काम तोच करतो. लेबल नसलं तरी बूट आडवा धरून तळव्याच्या दोन्ही कडा दाबून बघता येतात. चपातीसारखा दुमडला तर तो चालायचा बूट. लेस असतील तर त्या झाकायला पट्टा हवा. गिअरच्या दांड्यात अडकलेली लेस सिग्नलला पाय टेकू देत नाही.

उकाड्याबद्दल एक गैरसमज आहे की जितकी हवा आत तितकं गार. हवा कातडीपेक्षा थंड असेपर्यंत हे खरं. पारा पस्तिशीच्या वर चढला की वाऱ्याने अंग गार होत नाही, उलट तापतं. गारवा येतो तो फक्त घाम वाळण्याने. चाळिशीत उघड्या जाळीत घाम इतक्या झपाट्याने उडतो की तासाभरात डोकं गरगरायला लागतं. अशा वेळी आतला सुती टी-शर्ट भिजवून घाला, जाळीवर पातळ कोट घेऊन पुढची चेन थोडी उघडी ठेवा आणि दर थांब्याला पाणी प्या.

पावसासाठी जॅकेटच्या आत सुटं जलरोधक अस्तर देतात. आम्हाला ते पटत नाही. पाणी अस्तरापाशी अडतं खरं, पण बाहेरचं सगळं कापड भिजून जड होतं, वाऱ्याने गार पडतं, आणि अस्तर लावायला भर पावसात जॅकेट काढावं लागतं. बाहेरच्या कापडालाच पाणी अडवणारा पातळ पडदा चिकटवलेली जॅकेटं उत्तम, पण महाग आणि उन्हाळ्यात गरम. साध्या वापराला जाळीचं जॅकेट आणि वरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनसूट हाच मार्ग सोयीचा. रेनसूटच्या पँटला घोट्यापासून लांब चेन हवी, बूट न काढता चढवता यावी अशी.

रंग काळा नसावा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या २००४ च्या अभ्यासात फ्लुरोसंट किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा इजा होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. फ्लुरोसंट रंग दिवसा, ढगाळ हवेत आणि संधिप्रकाशात काम करतो. रात्री त्याचा उपयोग नाही, तिथे हेडलाइट परत फेकणारी पट्टी लागते. ती पाठीवर असेल आणि तुम्ही सॅक लावत असाल तर सॅकवर वेगळी पट्टी लावा.

एअरबॅगचं, म्हणजे पडताना गॅसने फुगणारं, जॅकेट हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर. दोरीने बाईकला बांधलेला प्रकार साधा, सिलिंडर बदलून पुन्हा वापरता येतो. घट्ट जॅकेटच्या आत तो घालू नका. फुगायला जागा मिळाली नाही तर बरगड्यांवरच दाब येतो.

धुताना गार्ड काढा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, ३० अंशांच्या पाण्यात सौम्य साबण. फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याने पाणी झटकण्याचा थर जातो आणि पडद्याची छिद्रं बुजतात. ब्लीच अजिबात नको. सावलीत वाळवा, विशेषतः केवलारचं अस्तर असलेली जीन्स. गार्ड परत घालताना डावा-उजवा आणि वर-खाली नीट बघा. कोपराचा गार्ड उलटा गेला की रुंद बाजू मनगटाकडे जाते आणि कोपराचं टोक उघडं राहतं.

जुना माल घ्यायचा असेल तर चामड्याचं जॅकेट निवांत बघून घ्या, शिवणी ओढून पाहा. दोन कापडांच्या मधे धागे शिडीसारखे दिसले तर नको. कापडी जॅकेट खांद्यावर विटलेलं असेल तर त्या उन्हाने धाग्याची ताकदही खाल्लेली असते. आणि खांद्यावर किंवा कोपरावर घासल्याची खूण, रफू किंवा एकाच बाजूची नवी शिवण दिसली तर तो कपडा एकदा पडून झालेला आहे. आतल्या गार्डवर चीर किंवा दबलेला खड्डा शोधा, सापडला तर निदान गार्ड नवे घाला.